सिटाडेल कॉन्ट्रास्ट: एका हातात काम होतं का?

मिनिएचर, म्हणजे टेबलावरच्या युद्धखेळांतली चिमुकली मॉडेलं, रंगवायला बसलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी एक मंत्र मिळतो: दोन पातळ हात. रंग पातळ करा, एक हात द्या, वाळू द्या, मग दुसरा. अशी मॉडेलं आणि त्यांचे रंग बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीने जून 2019 मध्ये सिटाडेल कॉन्ट्रास्ट हा रंग आणला तेव्हा नेमकं उलटं सांगितलं. एकच हात, तोही जाड. मूळ रंग, सावली आणि उजेड तिन्ही एका फटक्यात. सुरुवातीला 34 रंग होते, 2022 मध्ये आणखी 25 आले, आणि तोवर इतर कंपन्यांनीही याच धर्तीवर आपापले रंग काढले होते. दावा कितपत खरा, असं विचाराल तर अर्धा. मॉडेल घडवणाऱ्याने जिथे खोल कोरीव काम केलंय तिथे हा रंग जादू करतो. जिथे त्याने सपाट जागा सोडलीय तिथे तो उघडा पडतो. खरेदीचा सगळा निर्णय या एका गोष्टीवर करता येतो.

असं का होतं ते आधी पाहू. नेहमीच्या बेस रंगात रंगद्रव्य इतकं दाट असतं की खालचं काही दिसू नये. वॉशमध्ये ते इतकं विरळ की तो फक्त खाचांत जाऊन बसावा. कॉन्ट्रास्ट या दोघांच्या मधला आहे: रंगद्रव्य वॉशपेक्षा पुष्कळ जास्त, पण माध्यम पारदर्शक आणि जड. डबीत डोकावलं तर रंग काळपट, पातळ मधासारखा दिसतो. मॉडेलवर लावला की उंचवट्यावरून सरकतो, तिथे नुसता पापुद्रा उरतो आणि खालचं फिकट अस्तर झळकतं. खाचेत तो साचतो आणि गडद होतो. म्हणजे उजेड रंगातून येत नाही, अस्तरातून येतो. या रंगाविषयीच्या निम्म्या तक्रारी खरं तर अस्तराविषयीच्या असतात.

म्हणून प्रायमरवर, म्हणजे या अस्तरावर, कंजुषी नको. कॉन्ट्रास्टसोबत दोन स्प्रे आले: रेथबोन आणि ग्रे सीअर. रेथबोन उबदार, हस्तिदंती. ग्रे सीअर थंड, फिकट राखाडी. त्वचा, चामडं, हाडं, पिवळे-तांबडे रंग रेथबोनवर खुलतात. निळे, जांभळे, भुतांचे हिरवट-निळे रंग ग्रे सीअरवर. पण छटेपेक्षाही महत्त्वाचा आहे पृष्ठभाग. हे दोन्ही स्प्रे वाळल्यावर गुळगुळीत राहतात, त्यामुळे रंगाला सरकायला वाव मिळतो. खरखरीत मॅट प्रायमरवर तोच रंग जागच्या जागी शोषला जातो आणि डाग डाग दिसतो, मग दोष रंगाच्या माथी जातो. दुसऱ्या कंपनीचा फिकट स्प्रे वापरायला काहीच हरकत नाही, फक्त वाळल्यावर त्यावरून नख फिरवून पाहावं. पॉलिश पेपरसारखं लागलं तर कॉन्ट्रास्टसाठी ते अस्तर बाद.

चांगला स्प्रेसुद्धा खरखरीत बसू शकतो, आणि तो दोष बहुतेक वेळा हाताचा किंवा हवेचा असतो. कॅन दोन मिनिटं हलवायचा, मॉडेलपासून 20 ते 30 सेंटीमीटरवर धरायचा आणि मॉडेलच्या बाहेरून सुरू करून बाहेरच संपवायचा. फार लांबून किंवा फार कडक उन्हात मारलं तर थेंब हवेतच वाळतात आणि धुळीसारखे चिकटतात. फार जवळून मारलं तर चेहऱ्याचे डोळे-नाक भरून जातात. दमट हवेत तर थांबलेलंच बरं.

अस्तराच्याही आधी साच्याच्या रेषा. प्लास्टिक मॉडेलवर साच्याचे दोन भाग जुळतात तिथे बारीक धार उरते. साध्या जाड रंगाखाली ती थोडीफार खपून जाते. कॉन्ट्रास्ट मात्र तिला खाच-उंचवटा समजतो: धारेवर फिकट, तिच्या शेजारी गडद, आणि खांद्यावरून पायापर्यंत पेन्सिलीने ओढल्यासारखी रेघ दिसते. पात्याची उलटी बाजू खरवडत नेली की धार निघते. सांध्यातल्या फटींचंही तेच. पुट्टी भरली नाही तर रंग फटीत शिरतो आणि वाळेपर्यंत हळूहळू बाहेर झिरपत राहतो. रेझिनचं मॉडेल असेल तर साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने धुऊन घ्यावं. साचा सोडवणाऱ्या द्रवाचा तेलकटपणा राहिला तर अस्तर धरत नाही, आणि मग त्यावरचं काहीच धरत नाही.

आता प्रत्यक्ष रंग. एक फाटक्या झग्यातला सांगाडा घेऊ, साधारण 32 मिलिमीटर मापाचा, रेथबोनचं अस्तर दिलेला. मॉडेल बाटलीच्या बुचावर चिकटवलेलं असावं, कारण हात मॉडेलला लागता कामा नये. का, ते पुढे येईल. आधी हाडं, स्केलेटन होर्ड या कॉन्ट्रास्ट रंगाने. डबी मिनिटभर हलवायची, कारण रंगद्रव्य तळाशी बसतं आणि वरवरचा रंग घेतला तर नुसतं माध्यमच हाती येतं. हलवल्यावर लगेच ब्रश बुडवायचा नाही, बुडबुडे विरू द्यायचे. ते मॉडेलवर गेले तर बरगड्यांच्या मध्ये फुटतात आणि वाळल्यावर बारीक गोल खड्डे दिसतात. ब्रश एक किंवा दोन नंबरचा, टोक धरणारा, पोटात बऱ्यापैकी रंग मावणारा. इथे अगदी बारीक ब्रश घेणं हीच चूक: रंग पुरत नाही, परत परत डबीत जावं लागतं आणि तेवढ्यात आधीची कड वाळायला लागते.

हाडांवर रंग सढळ हाताने लावायचा. कवटी, बरगड्या, हात, पाय अशा क्रमाने, आणि प्रत्येक भाग नैसर्गिक सांध्यापाशी संपवायचा. मग झगा. झगा स्नेकबाइट लेदर या तपकिरी रंगाने करायचा असेल तर वरून खाली, एका पन्ह्यातून दुसऱ्या पन्ह्यात, कड ओली ठेवत जायचं. सगळा झगा भिजला की थांबायचं आणि बघायचं. दहा-पंधरा सेकंदांत रंग खाली उतरतो आणि झग्याच्या शेवटच्या कडेला थेंब लटकतो. हाच तो क्षण. ब्रश धुवायचा, कापडावर टिपून नुसता दमट ठेवायचा आणि त्याचं टोक थेंबाला टेकवायचं. ब्रश तो स्वतः ओढून घेतो. ब्रश पुसायचा, पुढच्या थेंबाकडे जायचं. चुण्यांच्या तळाशी साचलेला रंग मात्र तसाच सोडायचा, सावली तीच आहे. काढायचं ते सपाट जागी आणि खालच्या कडेला साचलेलं. एवढं झालं की मॉडेल बाजूला. मिनिटभराने एखादा कोपरा सुटलेला दिसला आणि तिथे ब्रश फिरवला, तर अर्धवट वाळलेली साय फाटते आणि खालचं अस्तर ठिपक्या-ठिपक्यांनी वर येतं. तो कोपरा पूर्ण वाळल्यावर दुरुस्त होतो, ओला असताना कधीच नाही. एका हाताचा रंग म्हणतात त्याचं सगळं कसब या दीड मिनिटात आहे.

पूर्ण वाळायला अर्धा तास तरी धरावा, खोल खाचांना त्याहून जास्त. वरून कोरडं दिसतं पण बरगड्यांच्या आत ओलं असतं, आणि शेजारचा रंग लावताना दोन्ही एकमेकांत मिसळतात. फौज रंगवताना याचा फायदाच होतो. दहा मॉडेल ओळीने ठेवून सगळ्यांची हाडं केली की दहावं संपेपर्यंत पहिलं वाळत आलेलं असतं. क्रम फिकट रंगाकडून गडद रंगाकडे ठेवावा. झग्याचा तपकिरी हाडावर सांडला तर डाग पडतो. हाडाचा रंग झग्याच्या जागी सांडला तर झग्याखाली तो दिसतसुद्धा नाही.

सांडलं तर काय करायचं, याची सोय कंपनीने बरी केलीय. रेथबोन आणि ग्रे सीअर हे दोन्ही रंग डबीतही मिळतात. चुकलेल्या जागी तोच बेस रंग थोडं पाणी घालून दोन पातळ हातांनी लावायचा, वाळला की परत कॉन्ट्रास्ट. स्प्रे एका कंपनीचा आणि दुरुस्तीचा रंग दुसरा कुठला तरी पांढरा असं केलं तर ठिगळ ओळखू येतं. हा स्प्रे घेणार असाल तर त्याची जोडीदार डबी सोबतच घ्या. किरकोळ वाटते, पण स्प्रेपेक्षा हीच जास्त वेळा उघडली जाते.

रंग पातळ करायचा असेल तर पाणी नाही, कॉन्ट्रास्ट मीडियम, म्हणजे रंगद्रव्याशिवायचं नुसतं माध्यम. ब्रश ओला असल्याने थेंबभर पाणी गेलं तर काही बिघडत नाही. पण पाण्याचं प्रमाण वाढलं की माध्यमाची घडण मोडते, पृष्ठताण वाढतो, रंग पसरण्याऐवजी गोळा होतो आणि वाळताना रंगद्रव्य कडेला ढकलतो. चहाच्या कपाखाली उमटावं तसं कडं तयार होतं. मीडियमने पातळ केल्यावर रंगाची ताकद कमी होते, वागणूक बदलत नाही. एकास एक हे प्रमाण सुरुवातीला बरं. आणि जे डबीतून थेट वापरूच नयेत असे काही रंग आहेत. ब्लॅक टेम्पलर सरळ लावला तर सगळं सपाट काळं दिसतं. एकास एक केला तर काळ्या कापडाच्या चुण्या उमटतात. लेव्हियाडन ब्लू आणि शाइश पर्पल हेही असेच जड. गिलिमन फ्लेश नाक-डोळ्यांच्या खाचांत सुंदर बसतो, पण निखळ वापरला तर चेहरा उन्हात भाजल्यासारखा तांबूस होतो. त्यातही निम्मं मीडियम हवं.

रंगांची गुणवत्ता एकसारखी नाही, हे डबीवरचं झाकण पाहून कळत नाही. स्नेकबाइट लेदर आणि स्केलेटन होर्ड या दोन डब्यांवर डोळे मिटून भरवसा ठेवावा. पट्टे, पिशव्या, म्यानं, जुना कागद, दोरखंड सगळं या दोनांत निघतं. गोर-ग्रंटा फर केसाळ प्राण्यांसाठी, वाइल्डवुड भाल्याच्या दांड्यांसाठी. एथरमॅटिक ब्लू ग्रे सीअरवर लावला की भूतपिशाच्चांची आख्खी फौज एका बैठकीत उभी राहते. आयांडेन यलो बघण्यासारखा: उंचवट्यावर लिंबासारखा आणि खाचेत नारिंगी. पिवळा रंग नेहमीच्या पद्धतीने चार हात मागतो, त्यामुळे या एका डबीने वाचवलेले श्रम सर्वांत जास्त. ब्लड एंजल्स रेड रेथबोनवर जरा केशरीकडे झुकतो, भर रक्तासारखा लाल हवा असेल तर फ्लेश टेअरर्स रेड. अपोथेकरी व्हाइट मात्र नावाने फसवतो. तो पांढरा नाहीच, अगदी फिकट राखाडी शेड आहे. रेथबोनवर लावला तर मळकट दिसतो. त्याच्याखाली शुभ्र पांढरंच हवं आणि वरच्या कडा पांढऱ्याने पुन्हा उजळाव्या लागतात. तेवढं काम करायचंच असेल तर डबी कशाला घ्यायची, हा प्रश्न रास्त आहे.

चिलखत हा मुख्य घोटाळा. डबीचं नाव ब्लड एंजल्स किंवा अल्ट्रामरीन्स आहे (या स्पेस मरीन नावाच्या चिलखती शिपायांच्या तुकड्या) म्हणून नवखा माणूस स्पेस मरीनच्या गुळगुळीत खांद्यावर तो रंग लावतो. खांद्याच्या गोल पत्र्यावर ना चुणी ना खाच. रंग जिथे वाटेल तिथे साचतो, वर फिकट चट्टे आणि खाली गडद ओघळ. रणगाडा, ढाल, पंखांचा पडदा, घोड्याची गुळगुळीत मांडी इथेही हेच. यावर उपाय आहेत, पण प्रत्येक उपाय एका हाताच्या आश्वासनातून थोडं काढून घेतो. एकास दोन प्रमाणात मीडियम घालून पातळ हात द्यावेत, एकावर एक, मध्ये वाळवत. एअरब्रश असेल तर त्यातून एकसारखा बसतो. किंवा ओघळ पडू द्यावेत आणि नंतर साध्या लेयर रंगाने, म्हणजे बेसवर चढवायच्या नेहमीच्या रंगाने, पत्रे भरून, कडा उजळून घ्याव्यात. मग कॉन्ट्रास्ट फक्त खाचा गडद करायच्या कामाला आला. तेवढ्यासाठी वॉश पुरला असता.

धातूवर मात्र हा रंग अनपेक्षितपणे चांगला चालतो. लेडबेल्चरसारख्या रुपेरी रंगावर बॅसिलिकॅनम ग्रे दिला तर जुनं, वापरलेलं पोलाद दिसतं. ब्लड एंजल्स रेड किंवा टालासार ब्लू दिला तर मीनाकारीसारखी चमक येते. एकच काळजी: रुपेरी रंग ड्रायब्रशने, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवर घासून, मारायचा असेल तर तो इतर कॉन्ट्रास्ट रंगांच्या आधी उरकावा. नाहीतर चंदेरी कण झग्यावर उडतात आणि पारदर्शक रंगाखाली ते लपत नाहीत.

काळ्या अस्तरावर राखाडी आणि मग पांढरा ड्रायब्रश मारायचा आणि त्यावर कॉन्ट्रास्ट द्यायचा, ही युक्ती स्लॅपचॉप नावाने लोकप्रिय झाली. सावल्या खोल मिळतात आणि खाचेतलं काही सुटलं तरी काळंच राहतं, म्हणून फौजेसाठी झटपट. किंमत मोजावी लागते ती रंगाच्या टवटवीतपणात. पिवळा आणि फिकट त्वचा काळ्यावर मरतात, सगळं जरा धुरकट होतं. मुडदे, राक्षस, उंदीरमानव असतील तर धुरकट चालतं. उजळ गणवेशाच्या शिपायांना नको.

आता डबीबद्दल, आणि इथे गुण कापावे लागतात. 18 मिलिलिटरची ही उघड-मीट झाकणाची डबी या रंगाला शोभत नाही. झाकणाच्या आतली जीभ रंग घ्यायला सोयीची आहे हे खरं. पण रंग पातळ, तो जिभेवरून काठावर येतो, तिथे वाळतो, झाकण पूर्ण बसत नाही आणि आतला रंग घट्ट व्हायला लागतो. शिवाय डबी उंच आणि बूड लहान. कोपर लागलं की टेबलावर 18 मिलिलिटर ब्लॅक टेम्पलर. प्रत्येक बैठकीनंतर काठ ओल्या कापडाने पुसला तर पहिला त्रास टळतो. कायमचा उपाय म्हणजे ड्रॉपर बाटलीत ओतून घेणं. 17 मिलिलिटरच्या बाटल्या सर्रास मिळतात पण त्यांत ही डबी पूर्ण मावत नाही, शिवाय हलवण्यासाठी गोळी टाकायची असते. 20 मिलिलिटरची घ्यावी. गोळी स्टेनलेस स्टीलची किंवा काचेची. साधी लोखंडी टाकली तर काही महिन्यांत पिवळ्याचा तांबूस होतो, गंजामुळे. ओतण्याआधी रंग नीट हलवा, नाहीतर रंगद्रव्य डबीतच राहील. नाव लिहायला विसरू नका. बाटलीतून पाहिले तर निम्मे रंग काळेच दिसतात.

ड्रॉपरची कटकटच नको असेल तर पर्याय आहेत. आर्मी पेंटर कंपनीचा स्पीडपेंट 18 मिलिलिटरच्या ड्रॉपर बाटलीत येतो, आत गोळ्या असतात. 2022 च्या पहिल्या आवृत्तीत वाळलेला रंग वर दुसरा ओला हात पडला की पुन्हा सुटायचा, त्यामुळे वरचे उजेड गढूळ व्हायचे; 2023 च्या 2.0 आवृत्तीत कंपनीने ती घडण बदलली. बाटलीवर 2.0 लिहिलंय याची खात्री करूनच घ्यावी. व्हायेहो कंपनीचा एक्सप्रेस कलर हाही ड्रॉपरमध्ये. तो जरा सावकाश वाळतो, म्हणून सपाट जागी सारखा करायला वेळ मिळतो, पण खाच आणि उंचवटा यांतला फरक सौम्य येतो. तिन्ही रंग एकाच मॉडेलवर शेजारी शेजारी खुशाल वापरा. एका कंपनीचं माध्यम दुसऱ्याच्या रंगात घालण्याआधी मात्र मॉडेलचे भाग ज्यातून तोडून घेतो त्या प्लास्टिकच्या चौकटीच्या तुकड्यावर करून बघा.

मॉडेलला हात लावू नये म्हटलं होतं ते यासाठी: कॉन्ट्रास्टचा उंचवट्यावरचा थर अगदी पातळ असतो आणि बोटांच्या घर्षणाने निघतो. नाकाचा शेंडा, गुडघे, तलवारीची मूठ आधी पांढरी पडतात. खेळायच्या मॉडेलला व्हार्निश हवंच. रात्रभर वाळू द्यावं, मग मॅट व्हार्निशचे दोन हलके हात, पुन्हा कोरड्या हवेत. दमट हवेत किंवा जाड मारलं तर पांढुरकी साय येते आणि सगळ्यात आधी काळ्या झग्यावर दिसते. मॅट व्हार्निशने या रंगाची किंचित तेलकट चमकही जाते, ती चेहऱ्यावर विशेष खटकते.

तर कोणी घ्यावा? सांगाडे, मुडदे, ऑर्क, केसाळ राक्षस, झगेवाले मांत्रिक, पिसं-खवले असलेले प्राणी यांची फौज असेल तर निःशंक घ्यावा. तीस शिपायांचं काम निम्म्याहून कमी वेळात होतं आणि टेबलापलीकडून पाहताना कोणी नावं ठेवत नाही. चिलखती फौज असेल तर फक्त पट्टे, पिशव्या, कातडी आणि मेणाच्या मोहरांपुरत्या तीन-चार डब्या, बाकी नेहमीचे बेस आणि लेयर. स्पर्धेसाठी एकच मॉडेल महिनाभर रंगवणाऱ्याने तो पातळ रंगछटा म्हणून वापरावा. त्याला एका हाताची घाई नसतेच.

मोठा संच पहिल्या दिवशी घेऊ नये. स्नेकबाइट लेदर, स्केलेटन होर्ड, गिलिमन फ्लेश, ब्लॅक टेम्पलर आणि फौजेचा जो मुख्य रंग असेल तो, अशा पाच डब्या. सोबत रेथबोनचा स्प्रे, त्याची दुरुस्तीची डबी आणि मीडियम. मीडियमच्या दोन घ्या. काळा, त्वचा आणि सगळे जड निळे-जांभळे त्यातूनच पितात, आणि ऐन बैठकीत आधी संपते ती हीच डबी.